हाक्सुनची थुंकी

हाक्सुनच्या थुंकीला कोरियातल्या हान्सानच्या आसपासच्या गावांत मान होता. हसायचं तर हसा, पण तिच्यासमोर नको. शहरातून आलेल्या एका पाहुणीने एकदा नाक मुरडलं होतं, "ई, थुंकी लावून करता?" हाक्सुन म्हणाली, "अंगातला कुडता काढून ठेवा मग बाई. त्यात माझी तांब्याभर तरी असेल."

मोसीचं काम असंच असतं. मोसी हे तागासारखं झाड, त्याची साल सोलून वाळवलेली असते. ती भिजवायची, तोंडात धरायची, पुढच्या दातांनी चिरायची, ओठांतून ओढून घ्यायची, पुन्हा चिरायची, पार केसासारखी होईपर्यंत. मग एका तंतूचं टोक दुसऱ्याच्या टोकावर ठेवायचं, थुंकी लावायची आणि उघड्या गुडघ्यावर तळव्याने एक फिरकी द्यायची. गाठ नाही, डिंक नाही. असे जोडत जोडत सूत होतं आणि त्या सुताचं कापड भर उन्हाळ्यात अंगावर असूनही कळत नाही.

हाक्सुन लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिला यातलं काही येत नव्हतं. तिचं माहेर खाडीकाठचं, शिंपल्या वेचणारं. तिला शिकवलं ते थोरल्या जावेने, ओक्नामने. पहिल्या हिवाळ्यात ओठ फाटले, जीभ कापली, तोंडातून रक्त आलं की ओक्नाम म्हणायची, "सूत लाल करू नकोस. थुंक बाहेर आणि लाग पुढे." दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ओठांना घट्टे पडले. खालच्या दातांत मधोमध खाच पडली. आणि मग कळलं की हिच्या हातात आणि तोंडात काहीतरी वेगळंच आहे. हाक्सुनचं सूत मागावर तुटायचं नाही. ओक्नाम मागावर बसायची आणि सूत हाक्सुनचंच घ्यायची. इतर बायकांनी कितीही आणून दिलं तरी बोटांनी चाचपून बाजूला ठेवायची.

ओक्नामचा एक नियम होता. सकाळी कामाला बसलं की दुपारच्या जेवणापर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पाण्याने थुंकी पातळ होते, पातळ थुंकीचा जोड सुटतो. ओक्नामला हे तिच्या सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. तोंड कोरडं पडलं तर खारवलेलं कच्चं आलुबुखार गालात धरायचं. त्याने तोंडाला पाणी सुटतं, आणि ते घट्ट असतं. सगळ्या गावाने हा नियम पाळला. हाक्सुनने तर असा पाळला की जेवतानाही ती पाण्याला हात लावायची नाही. रक्तदाबाची गोळीसुद्धा नुसती गिळायची. त्या गोळीने लघवीला जास्त व्हायचं, त्याचं तिला अप्रूप वाटायचं. "पाणी पीत नाही तर एवढं येतं कुठून?" असं म्हणून हसायची.

त्या वर्षी वसंतात तिच्या डाव्या जबड्याखाली गाठ आली.

आधी जेवताना यायची आणि जेवण झालं की तासाभरात बसायची. मग तोंडात साल धरली तरी येऊ लागली. आलुबुखार गालात टाकलं की कानापर्यंत कळ जायची, जणू कोणी आतून दाभण घालतंय. गाठ लिंबाएवढी व्हायची. हाक्सुनने गळ्याला रुमाल बांधला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, ते गावात कोणालाही विचारा. तिचा नवरा, छांगहो. त्याला घशाचा कॅन्सर झाला होता. मोठ्या शहरात नेऊन मशीनखाली झोपवला, महिनाभर किरणं दिली. गाठ गेली म्हणाले. पण त्याच्याबरोबर थुंकीही गेली. घास तोंडात फिरायचा, खाली जायचा नाही. भाताच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. जीभ तव्यावरच्या चामड्यासारखी. वर्षभरात त्याचे सगळे दात मुळापासून काळे पडून तुटले, ज्याला आयुष्यात कधी दातदुखी माहीत नव्हती त्याचे. बोलताना ओठ दातांच्या खुंटांना चिकटायचे आणि तो बोटाने सोडवायचा. शेवटी तो कॅन्सरने गेला नाही, निमोनियाने गेला. पण हाक्सुनच्या डोक्यात एकच बसलं होतं, मशीनने माणसाच्या तोंडातला ओलावा जाळला.

आता तिच्या जबड्याखाली गाठ होती. तिचा हिशेब सरळ होता. कॅन्सर आहे, हे ठरलंच. सांगितलं तर मशीन. मशीन म्हणजे थुंकी गेली. थुंकी गेली तर मोसी गेली. मग जगून करायचं काय?

आणि त्या वर्षीच ओक्नामने सांगून टाकलं होतं, "यंदा कापडाचं एक ठाण विणते, सगळ्यात बारीक. मग मागाला हात नाही लावणार. गुडघे संपले माझे." ओक्नामचं शेवटचं ठाण. त्याला हाक्सुनचं सूत हवं होतं आणि ते अर्धंच झालं होतं.

* * *

ओक्नामच्या घरी चौघीजणी बसायच्या. त्या दिवशी पोक्ने नावाची शेजारीण मोसीचा पाला घातलेल्या तांदळाच्या हिरव्या करंज्या घेऊन आली. हाक्सुनने एक तोंडात टाकली आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"काय गं मिरानची आई, वाईट झाल्यात का?" पोक्नेने हाक्सुनला विचारलं. गावात तिला मुलीच्या नावानेच हाक मारायचे.

"चांगल्या आहेत."

"मग तोंड असं का केलंस, माझ्या नवऱ्याने माझी भाजी खाल्ल्यासारखं?"

सगळ्या हसल्या. ओक्नाम हसली नाही. तिने हात पुढे केला, हाक्सुनच्या गुडघ्यावरचं ताजं सूत उचललं आणि दोन्ही हातांनी ओढलं. जोड सुटला.

हाक्सुनने सूत तिच्या हातातून काढून घेतलं.

"ऊन जास्त आहे," हाक्सुन म्हणाली. "हवा कोरडी आहे."

"हवा काल पण कोरडी होती," ओक्नाम म्हणाली. "रुमाल काढ."

"घसा धरलाय, जाऊबाई."

"मे महिन्यात?"

हाक्सुन उठली, सालीची मोळी काखेत मारली आणि घरी गेली. चाळीस वर्षांत जावेसमोरून ती अशी कधी उठून गेली नव्हती.

* * *

मिरान तिची मुलगी. शाळा अर्ध्यात सोडून सोचनच्या बंदरावर मासळीच्या लिलावात लागली होती. तोंडाने फटकळ, हातात नेहमी खवल्यांचा वास. ती रविवारी घरी आली तर आई चुलीपाशी उकिडवी बसलेली, रुमाल सुटलेला, आणि जबडा एका बाजूने टम्म.

"हे काय आहे?"

"डास चावला."

"डास होता की कोंबडा?" मिरानने हात लावला. आई कळवळली. "आई! हे किती दिवसांचं आहे?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! उद्या तुला मयताला बघायला येतील तेव्हा पण हळू बोलायला सांगणार आहेस का?"

"बाबाचं काय झालं ते तू बघितलंस."

मिरानने हात मागे घेतला. तिने बघितलं होतं. रात्रंदिवस उशाशी पाण्याची बाटली घेऊन तीच बसायची.

"एक ठाण," हाक्सुन म्हणाली. "तुझ्या काकूचं सूत होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येते. मला तिकडेच पुरलंस तरी चालेल."

"काकूचं ठाण गेलं चुलीत."

तेव्हा हाक्सुनने पोरीच्या थोबाडीत मारली. मिरान रागाने गाडी काढून बंदरावर परत गेली. पण रस्त्यात गाडी थांबवून तिने फोन केला तो काकूलाच.

* * *

दोन दिवसांनी हाक्सुनला हुडहुडी भरली. ताप चढला. जिभेखाली असं सुजलं की जीभ वर टाळूला लागली, गरम बटाटा तोंडात धरल्यासारखं बोलणं व्हायला लागलं. स्वतःची थुंकी गिळता येईना. आयुष्यभर जिच्या थुंकीचं कौतुक झालं तिच्याच तोंडाच्या कोपऱ्यातून ती गळत होती आणि ती टॉवेलने पुसत होती. श्वास घेताना घशातून आवाज येत होता.

तरी ती भिंतीला टेकून बसली होती. समोर सालीची मोळी. तोंडात धरायला गेली आणि तोंड उघडेना.

दार ढकलून ओक्नाम आत आली. मागे मिरान. ओक्नामने मोळी उचलली आणि अंगणात भिरकावली.

"जाऊबाई... सूत..."

"गप. तुझ्या सुताची मला काय पडलीय?" ओक्नामचा आवाज फाटला. "चाळीस वर्षं तू माझ्या शेजारी बसलीस. आता मी कोणाशेजारी बसू?"

"मशीन नको..."

"मी दारात बसते. कोणी तुला मशीनखाली न्यायला लागला तर त्याला आधी माझ्या अंगावरून जावं लागेल. चल ऊठ."

मिरानने आईला पाठीवर घेतलं. मासळीची पेटी उचलतात तसं.

गाडीत हाक्सुनला श्वास अपुरा पडत होता. ओक्नामने तिचं डोकं पुढे वाकवून धरलं होतं, म्हणजे लाळ बाहेर गळेल, आत जाणार नाही. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. मिरान काच खाली करून पुढच्या ट्रकवाल्याला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ट्रक सरकला.

* * *

गुनसानच्या हॉस्पिटलातले डॉक्टर प्यो कमी बोलणारे होते. त्यांनी एक बोट हाक्सुनच्या जिभेखाली घातलं, दुसरा हात बाहेरून जबड्याखाली लावला आणि दोन्हींच्या मध्ये काहीतरी चाचपलं. हाक्सुन त्यांच्या तोंडाकडे बघत होती. नवऱ्याच्या वेळी डॉक्टरच्या तोंडावर जे दिसलं होतं ते शोधत होती.

"हे कडक काय आहे ते तुम्हाला लागतं का जिभेला?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. ते तिला हिवाळ्यापासून लागत होतं. तिला वाटलं, गाठीचं मूळ.

फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. जबड्याच्या आत एक पांढरा ठिपका, सोयाबीनच्या दाण्याएवढा.

"खडा आहे," ते म्हणाले. "कॅन्सर नाही. जबड्याखाली लाळेची ग्रंथी असते. तिथून एक नळी जिभेखाली येते. नळीत खडा अडकलाय. आंबट खाल्लं, काही तोंडात घातलं की ग्रंथी लाळ सोडते, पुढे वाट बंद, म्हणून फुगते. आता मागे साचून पू झालाय. आज आला नसतात तर श्वासनलिका दाबली गेली असती."

मिरान तिथेच खाली बसली.

"पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

हाक्सुनने बोटाने दाखवलं, इतकं. ओक्नाम पुढे झाली. "आमच्यात पीत नाहीत. मोसीचं काम आहे. पाण्याने थुंकी पातळ होते."

"आणि रक्तदाबाची गोळी?"

"रोज," मिरान म्हणाली. "तीही कोरडीच गिळते."

"ती गोळी अंगातलं पाणी बाहेर काढते. त्यात या पाणी पीत नाहीत. म्हणजे लाळ घट्ट होणारच. घट्ट लाळेत क्षार असतात, ते खाली बसतात, घागरीच्या तळाशी बसतात तसे. वर्षानुवर्षं बसत गेले की खडा होतो."

ओक्नामचा चेहरा उतरला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"खडा आत्ता तोंडातूनच काढतो," डॉक्टर म्हणाले. "ग्रंथीचं मात्र आत्ता सांगत नाही. फार दिवस कोंडली होती. मेली असेल तर ती काढावी लागेल, नाहीतर पुन्हा सडेल."

हाक्सुनने त्यांचा कोट पकडला. जीभ वळत नव्हती तरी बोलली, "काढू नका. थुंकी..."

"तोंडात अशा आणखी पाच मोठ्या ग्रंथी आहेत, आजी."

"आजी असेल तुमची!" मिरान खालूनच ओरडली. "ती एकोणसाठची आहे. आणि तिची थुंकी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. तोंड उघडून तिचे दात बघा आधी."

डॉक्टरांनी खरंच बघितले. खाच पडलेले, झिजलेले, पण एकही किडलेला नाही.

"या वयात असे दात रोज बघायला मिळत नाहीत," ते म्हणाले. "आयुष्यभर लाळ खेळत राहिली ना यांच्यावरून. लाळ दात धुते, किडीचं आम्ल मारते, झिजेल तिथे भर घालते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. वाचवता आली तर वाचवतो."

जिभेखाली सुई टोचून तेवढाच भाग बधिर केला. हाक्सुन जागी होती. तोंडात लोखंडी आकडा घालून ते उघडं धरलं होतं. वरचा दिवा डोळ्यांत. तिला दुखत नव्हतं, पण सगळं कळत होतं: चाकूचा दाब, मग गरम काहीतरी वाहिलं, घाण चव, नर्सने नळीने ओढून घेतलं. मग डॉक्टर थांबले. चिमट्याने काहीतरी पकडलं, सुटलं. पुन्हा पकडलं, पुन्हा सुटलं. "मागे सरकतोय," ते नर्सला म्हणाले. हाक्सुनने दोन्ही मुठी आवळल्या. मागे सरकला तर ग्रंथीत जाईल, ग्रंथीत गेला तर ग्रंथीच काढतील, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सूत निसटतं तेव्हा ओढायचं नसतं, मागून आधार द्यायचा असतो. पण तोंडात आकडा होता, सांगणार कशी? तिने हात उचलला आणि स्वतःचा अंगठा जबड्याखाली, कोपऱ्यात, मागून पुढे दाबून धरला. कळ डोक्यात गेली. अंगठा तिने हलवला नाही.

"हं," डॉक्टर म्हणाले. "तसंच धरा."

वाटीत काहीतरी टणकन पडलं.

* * *

पू गेला, ताप उतरला, हाक्सुन घरी आली. पण डावी बाजू कोरडी होती. ती जिभेने चाचपायची. उजवीकडे ओल, डावीकडे काही नाही. तीन आठवड्यांनी डॉक्टर बघणार होते. तोवर पाणी प्यायचं, जबड्याखाली मागून पुढे चोळायचं आणि वाट बघायची. तोवरही काही आलं नाही तर ग्रंथी काढायची.

ओक्नाम रोज यायची. पहिल्या दिवशी किटली आणली आणि तिच्यासमोर आदळली.

"पी."

"जाऊबाई, एवढं कशाला?"

"पी म्हटलं ना. मीच तुला सुकवलं. सासूने मला, मी तुला. पोरीसमोर माझी लाज काढू नकोस, पी."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत? सगळ्या गावाने पाळलं."

"सगळ्या गावाच्या जबड्यात खडा नाही झाला. तू जास्तच शहाणी. सांगितलं एक की दुप्पट करायचं." ओक्नामने स्वतःचा पेला भरला, नाक दाबून औषध घ्यावं तसा प्यायली. "काय सपक लागतं गं हे."

बायकांत भांडण झालं. पोक्ने म्हणाली, पाणी पिऊन जोडलेलं सूत मागावर टिकणार नाही, ठाण वाया जाईल. ओक्नाम म्हणाली, "जाऊ दे वाया. माझं ठाण आहे." हाक्सुनने दोघींचं ऐकलं, साल उचलली आणि उजव्या बाजूने चिरायला लागली. थुंकी पातळ होती हे खरं. जोड एका फिरकीत बसत नव्हता. दुसरी फिरकी दिली, तळवा जरा जोराने. ओक्नामने ओढून पाहिलं. थोडं ताणलं आणि टिकलं. काम निम्म्याने मंदावलं, पण टिकलं. पोक्नेने हातात घेतलं, चाचपलं आणि नाक मुरडलं, "माग ठरवेल." पण दुसऱ्या दिवशी तिच्याजवळही पाण्याचा पेला होता.

ठाणाला मात्र अजून सूत लागत होतं, आणि एका बाजूच्या थुंकीवर ते उन्हाळा सरण्याआधी होणार नव्हतं. हाक्सुनला रोज तोच एक विचार. रात्री पोरीला न कळता जबडा चोळायची. मिरानला कळायचंच. आईपाशी राहायला आलेली ती झोपेचं सोंग घेऊन पडून असायची.

* * *

ठरलेल्या दिवशी तिघी गुनसानला गेल्या. डॉक्टरांनी हाक्सुनला खुर्चीत मागे रेलवलं, जीभ वर उचलायला सांगितली, जिभेखालची जागा कापसाने कोरडी केली. मग लिंबाची एक फोड तिच्या जिभेच्या टोकावर ठेवली.

"गिळू नका. हलू नका."

मिरान आणि ओक्नाम दोघी वाकून बघायला लागल्या. नर्सने त्यांना मागे सारलं, त्या पुन्हा पुढे आल्या.

उजव्या बाजूच्या छिद्रातून लगेच पाणी आलं. चमकलं, वाहिलं, नर्सने टिपलं. डावीकडे चाकूचा गुलाबी व्रण आणि कोरडी जागा.

डॉक्टरांनी जबड्याखाली बोट ठेवून मागून पुढे दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. हाक्सुनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, लिंबाने की कशाने कोण जाणे.

"आणखी एक फोड द्या ना," मिरान म्हणाली. "लिंबाचं काय जातंय तुमचं?"

"मिरान," ओक्नामने तिचं मनगट पकडलं.

डॉक्टरांनी दुसरी फोड ठेवली. दाबून धरलं. हाक्सुनला जबड्याच्या आत खोलवर काहीतरी ताणल्यासारखं झालं. गाठ यायची तसं नव्हे. हळू, आखडलेली पोटरी सैल होते तसं. ती बोलू शकत नव्हती, म्हणून तिने खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"आलं," नर्स म्हणाली.

व्रणाच्या कडेला एक थेंब उभा होता. पिवळा नाही, गढूळ नाही. स्वच्छ. तो फुगला, घसरला आणि त्याच्या मागे दुसरा आला.

डॉक्टरांनी बोट काढलं. "जिवंत आहे. काढायची गरज नाही."

नर्स कापूस घेऊन पुढे झाली तर हाक्सुनने तिचा हात धरला. लिंबाची फोड बोटाने काढून वाटीत टाकली. तोंड मिटलं. डाव्या गालात सगळं जमू दिलं, जिभेने फिरवलं, चव घेतली आणि गिळून टाकलं.

"कशी आहे?" ओक्नामने विचारलं.

"पातळ आहे, जाऊबाई," हाक्सुन म्हणाली. "दोन फिरक्या लागतील."